[मंडळ-यादी] धुक्यात सायकलचा मागचा दिवा कोणता घ्यावा?

प्रेषक: मेघना

नमस्कार मंडळी,

फराळाच्या ऑर्डरींच्या गर्दीत एक प्रश्न मध्येच घुसवते, राग मानू नका.

मी कॉटनहॅमला राहते आणि कामाला केंब्रिजमध्ये हॉस्पिटलच्या कॅम्पसवर सायकलने जाते. येताना शहर पार केलं की गाइडेड बसवेच्या (फक्त बससाठी बांधलेल्या मार्गाच्या) कडेच्या सायकलरस्त्याने ओकिंग्टनपर्यंत यायचं. तिथून घरापर्यंतचे शेवटचे दोन-एक मैल शेतांमधून, एकही खांब नसलेला रस्ता. हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेल्यापासून परतीची सगळी वाट अंधारात.

गेल्या गुरुवारी दाट धुकं होतं. ओकिंग्टन सोडून थोडी पुढे आले आणि मागे गाडीचे ब्रेक करकचून लागल्याचा आवाज आला. मी घाबरून गवतात उतरले. गाडीतून एक बाई उतरल्या, त्यांचेच हात थरथरत होते. "तुम्ही दिसतच नव्हतात, आणि मग एकदम समोर होतात," एवढंच म्हणाल्या. दिवा चालू होता, निघताना मी स्वतः बघितला होता. खोक्यावर ३० ल्युमेन लिहिलंय. आमच्या घरातलं मत: ३०० चा आण आणि विषय संपव.

खरंच तेवढ्याने भागेल का? कुणी या रस्त्यांवर रोज सायकल चालवत असेल तर सांगा.

मेघना

प्रेषक: प्रसाद

मेघना, ३०० चा घेच. आणि बजेट असेल तर गार्मिनचा व्हेरिया बघ. दिव्यातच रडार आहे, मागून येणारी गाडी १४० मीटरवरून कळते आणि हँडलवरच्या स्क्रीनवर ठिपका सरकत येताना दिसतो. धुकं असलं तरी रडारला फरक पडत नाही. मी दोन वर्षं वापरतोय, आता त्याच्याशिवाय उघडं पडल्यासारखं वाटतं.

प्रसाद (फोनवरून, टायपो चालवून घ्या)

प्रेषक: अंजली

प्रसाद, तो तूच का रे? बसवेवर रोज संध्याकाळी माझ्या पुढे कुणीतरी असतं, मागचा दिवा फटफटीसारखा लखलखत असतो. त्या अरुंद पट्टीवर दहा मिनिटं त्याच्या मागे राहिलं की डोळ्यांपुढे हिरवे डाग नाचतात आणि जमिनीवरचे सोलरचे बारके दिवेही दिसेनासे होतात. तिथे मोटारी नाहीतच, मागे असतो तो सायकलवालाच. मेघना, जो घेशील त्याला मंद करायची सोय आहे का, तेवढं बघ.

प्रेषक: शिरीष

मेघना,

मी एकोणीस वर्षं या भागात सायकल चालवतोय आणि नोकरी लेन्सांशीच संबंधित आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ल्युमेनचं. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून निघणारा एकूण प्रकाश. तुझ्या मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत किती जातो ते ठरतं कँडेलावर, म्हणजे त्या एका दिशेला प्रकाश किती एकवटलाय त्यावर. एखादा ५० ल्युमेनचा दिवा अरुंद लेन्समागे ठेवला तर सरळ मागून डोळे दिपतात, पण बाजूच्या गल्लीतून येणाऱ्याला जवळजवळ दिसतच नाही. खोक्यावर कँडेला क्वचितच लिहितात, कारण मोठा आकडा ल्युमेनचा असतो. आणि तो मोठा आकडासुद्धा बहुधा दिवसा लुकलुकण्याच्या मोडचा असतो. प्रसादच्याच दिव्याचं घे: दिवसाच्या फ्लॅशला ६५ ल्युमेन, स्थिर लावला की २०. (रडार झकास आहे, पण ते तुला सांगतं की गाडी येतेय. गाडीवाल्याला ते काहीच सांगत नाही.)

आता धुकं. हिशोब करून बघू. समजा दृश्यमानता १०० मीटर आहे. हवामानवाल्यांच्या व्याख्येत याचा अर्थ, १०० मीटर धुक्यातून गेल्यावर प्रकाशाचा फक्त ५ टक्के भाग सरळ पुढे पोचतो. त्याच हिशोबाने ५० मीटरवर सुमारे २२ टक्के. तुझा दिवा ५० मीटरवरून जेमतेम दिसतोय असं धर. तो १०० मीटरवरून तेवढाच दिसायला हवा असेल तर अंतर दुप्पट म्हणून चौपट तेज लागेल, हे स्वच्छ हवेतही लागतंच. वर धुकं साडेचार पट मागतं. दोन्ही मिळून अठरा पट!

म्हणजे तेज दहापट केलं, ३० चा ३०० आणला (लेन्स तशीच धरू), तर ५० मीटरचे होतात साधारण ८८. ही कमाई थोडी नाही. हायवे कोडमध्ये (इथल्या वाहतूक-नियमांच्या पुस्तकात) कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला ५० मैल वेगाला ५३ मीटर दिलेत आणि ६० ला ७३. पण हेच गणित उलटं चालवून बघ. लेन्सवर चिखल बसला, दिवा खाली जमिनीकडे झुकला किंवा कपड्याआड गेला आणि दहातला एकच भाग बाहेर पडला, तर ५० चे उरतात २३-२४ मीटर. ३० मैल वेगाने येणारी गाडी थांबायला २३ लागतात.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी एक काम कर. अंधार पडल्यावर सायकल घरासमोर उभी कर. रोजचं जॅकेट, रोजच्या पिशव्या, सगळं तसंच घालून सीटवर बस. घरातल्या कुणाला तरी मागे पन्नास पावलं चालत जायला सांग आणि काय दिसतं ते विचार.

बाकीचं उद्या लिहितो, इथे जेवायला हाका चालल्यात.

शिरीष

प्रेषक: नाना

सर्वांस नमस्कार. सूनबाईंच्या खात्यावरून लिहितो आहे. मी सांगलीचा, हायस्कूलमध्ये पदार्थविज्ञान शिकवत असे, सध्या नातवंडांकडे मुक्काम. शिरीषरावांचा हिशोब आवडला. एक मुद्दा राहिला. लाल रंगाची तरंगलांबी सर्वांत जास्त, म्हणून तो कमी विखुरतो आणि धुक्यातून दूरवर जातो. याच कारणाने धोक्याचा दिवा लाल असतो. तेव्हा मागचा लाल दिवा धुक्यात मुळातच फायद्याचा, हेही सांगावे.

प्रेषक: शिरीष

नाना, नमस्कार. हे उत्तर लिहून मीही बोर्डात पूर्ण मार्क घेतले आहेत, त्यामुळे भीत भीत लिहितो.

तो नियम हवेचे रेणू आणि अगदी बारीक धूळ यांना लागू पडतो, म्हणजे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असतात तेव्हा. धुक्याचे थेंब दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे आणि लाल प्रकाशाची तरंगलांबी पाऊण मायक्रॉनसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या थेंबांना लाल काय नि निळा काय, सगळे सारखेच विखुरले जातात. म्हणूनच धुकं पांढरं दिसतं. पुरावा म्हणाल तर धुक्यातला सूर्य आठवा. मावळतीचा सूर्य लाल असतो, पण धुक्याआडचा सूर्य पांढऱ्या चकतीसारखा दिसतो. लाल आरपार जात असता तर तोही लालच दिसला असता.

मागचा दिवा लाल ठेवायचा तो संकेत म्हणून: लाल दिसला की पुढचा पाठमोरा आहे हे कळतं.

मेघना, कालचं पुढे. एक दिवा घेऊ नकोस, दोन घे. एक स्थिर, एक लुकलुकणारा. लुकलुकणाऱ्याकडे लक्ष पटकन जातं, पण नुसता तोच असेल तर अंधारात ड्रायव्हरला अंतराचा अंदाज येत नाही, दर वेळी नवा ठिपका शोधावा लागतो. शेजारी स्थिर दिवा असला की नजर त्याला धरून ठेवते. शिवाय एकाने मान टाकली तर दुसरा असतो, आणि मागे काय बंद पडलंय ते आपल्याला घरी पोचेपर्यंत कळत नाही.

कायद्याचं थोडक्यात: इथे ब्रिटनमध्ये लुकलुकणारा दिवा २००५ पासून चालतो, वेग मिनिटाला ६० ते २४० वेळा. दिवा मध्यभागी किंवा उजव्या बाजूला, जमिनीपासून ३५ ते १५० सेंटीमीटर उंचीवर हवा. हेल्मेटवर लावलास तर जादाचा म्हणून ठीक, मुख्य म्हणून धरत नाहीत. मागे लाल रिफ्लेक्टर सक्तीचा, आणि १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलीच्या पेडलना नारिंगी रिफ्लेक्टरही.

रिफ्लेक्टरवरून आठवलं. घोट्याला बांधायचे चमकते पट्टे जरूर घे. पाय खालीवर होतो तेव्हा ती हालचाल बघून ड्रायव्हरला लांबूनच कळतं की हा माणूस आहे, खांब नाही. पण धुक्यात त्यांच्यावर विसंबू नकोस. त्यांना स्वतःचा उजेड नाही. गाडीचा प्रकाश धुक्यातून तुझ्यापर्यंत येणार आणि त्याच धुक्यातून परत जाणार. वरच्या हिशोबात ५० मीटरवर २२ टक्क्यांचे २२ टक्के, म्हणजे ५ उरले. आणि पिवळंधमक फ्लुरोसंट जाकीट दिवसाउजेडीचं. सूर्य गेला की त्याची ऐट संपली.

मोटारीला मागे वेगळा फॉग लॅम्प असतो, १५० ते ३०० कँडेलाचा, तो उगाच नाही. आणि स्वच्छ रात्री तो चालू ठेवायला बंदी आहे, तीही उगाच नाही. अंजली म्हणते त्याला माझा पाठिंबा आहे. बसवेवर मंद, ओकिंग्टनला वळताना पूर्ण. बटण हातमोज्यातून दाबता येतं का ते दुकानातच बघून घे.

पावसासाठी खोक्यावर आयपीएक्स आकडा बघ, दिवा किती पाणी सोसतो ते तो सांगतो: ४ म्हणजे शिंतोडे, ६ म्हणजे जोराचा फवारा, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. मडगार्ड नसलेल्या सायकलीवर मागच्या चाकाचा फवारा थेट दिव्यावर येतो, म्हणून माझं मत किमान ६. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसतंय ना हे रोज बघ, माझे दोन दिवे तिथूनच पाणी पिऊन गेले. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा खोक्यावर सहा तास लिहिलं असेल तर मी चारच धरतो.

शिरीष

प्रेषक: नाना

शिरीषराव, मान्य. आंबोलीला धुक्यातला पांढरा सूर्य कितीदा पाहिला आणि सोमवारी फळ्यावर त्याच्या उलट लिहिलं! उद्या नातीला हे सांगणार आहे, आजोबांची चूक काढायला तिला फार आवडते.

आमच्या वेळी डायनॅमो असे. टायरला घासून घरघर करणारा, चढावर पाय जड करणारा. सायकल थांबली की दिवाही गप्प, म्हणजे चौकात उभे राहिलात की अंधार. विनादिवा आणि डबलसीट या दोन गुन्ह्यांसाठी पोलीस कोपऱ्यावर उभा असायचा. मी दोन्ही एकदम करताना सापडलो आहे. मागे कोण बसले होते ते इथे लिहीत नाही, सूनबाई वाचतात.

प्रेषक: प्रसाद

नाना, आता डायनॅमो चाकाच्या मधोमध हबमध्ये असतो, आवाज नाही, जडपणा जवळजवळ नाही. आणि दिव्यात थोडी वीज साठवणारा कपॅसिटर असतो, थांबल्यावरही काही मिनिटं मागचा दिवा जळत राहतो. चार्ज करायची कटकट नको असेल तर उत्तम, फक्त नवं चाक बांधून घ्यावं लागतं.

अंजली, तो मी नव्हे. माझं ऑफिस दुसऱ्या दिशेला आहे :)

प्रेषक: मेघना

सगळ्यांचे आभार. पन्नास पावलांचा प्रयोग केला.

शनिवारी संध्याकाळी सहाला मी घरासमोर सायकलवर बसले, नवरा टॉर्च घेऊन मागे चालत गेला. तीस पावलांवरून ओरडला, "लाव ना दिवा!" दिवा चालूच होता. तो परत आला, खाली वाकला आणि हसायलाच लागला. माझं पावसाळी जॅकेट मागे लांब आहे, पाठ भिजू नये म्हणून मी मुद्दाम तसलं घेतलं होतं. सीटवर बसलं की त्याची शेपटी बरोब्बर दिव्यावर लोंबते. आणि शेपटी वर केली तर खाली लेन्सवर चिखलाचा थर. सध्या शेतांतून बीट काढणं चाललंय ना, ट्रॅक्टर रस्त्यावर काळ्या मातीचे गोळे टाकत जातात. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला, पोळपाटाला चिकटलेली कणीक निघते तसा. निघताना मी रोज दिवा बघायचे ते वरून, सायकलशेजारी उभी राहून. बटणाजवळ लाल चमकलं की झालं, निघाले.

ओल्या फडक्याने पुसला, जॅकेट खोचून घेतलं आणि परत बसले. या वेळी नवरा पार कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत गेला, तरी दिसत होता. ३० ल्युमेनचाच.

तरी दोन नवे घेतले. एक स्थिर, रुंद लेन्सचा, कॅरिअरच्या मागच्या टोकाला स्क्रूने पक्का बसवला, तिथे जॅकेट पोचत नाही. दुसरा लुकलुकणारा सीटखालच्या दांड्यावर, तो मंद होतो (अंजलीताई, तुमच्यासाठी). दोन्ही मिळून पन्नास पौंडांच्या आत बसले. मडगार्डला खाली रबराची पट्टीही लावून घेतली. हँडलच्या पिशवीत आता एक जुनं फडकं असतं, ओकिंग्टनला उतरून दिवे पुसते आणि मगच पुढे जाते.

आणि गुरुवारसारखं धुकं असेल त्या दिवशी ओकिंग्टनलाच सायकल कुलूप लावून ठेवायची आणि नवऱ्याला गाडी घेऊन बोलवायचं, असं ठरलंय. ही अट त्याची आहे. शिरीषदादांचा अठरा पटीचा हिशोब त्याने छापून फ्रीजवर लावलाय.

जुना दिवा लेकाच्या सायकलला गेला.

मेघना

प्रेषक: यादी-व्यवस्थापक

मंडळी, चर्चा छान झाली, पण चकलीच्या ऑर्डरी या धाग्यात पाठवू नका. कालपासून तिघांनी इथेच पाठवल्यात आणि त्या माझ्याकडून सुटणार होत्या. फराळाचा धागा वेगळा आहे, शेवटची तारीख रविवार.