मदत हवी आहे: आईची विमानाची भीती कशी घालवू?

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं म्हणून आईला त्यानेच न्यायचं ठरवलंय, गुडघ्यांमुळे रेल्वेचा प्रवास तिला झेपत नाही. पण ती ऐकायलाच तयार नाही. कारण टीव्ही! अहमदाबादच्या अपघाताचं (12 जून 2025) ते अ‍ॅनिमेशन, लाल बाण, ढणाढणा संगीत, तिच्या डोक्यातून जातच नाही. वर "पायलटनेच केलं म्हणे" हेही पाठ.

त्या अपघाताच्या चौकशीच्या प्राथमिक अहवालात एवढं आहे की दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच साधारण सेकंदाच्या फरकाने बंद स्थितीत गेले. का, ते नाही. मुळात अशी चौकशी दोष ठरवायला नसतेच, पुढचा अपघात टाळायला असते. चॅनेलवाल्यांनी मात्र संध्याकाळच्या आत निकाल देऊन टाकला. रोज हजारो विमानं नीट उतरतात, त्याची बातमी कोण करणार म्हणा.

हे मी सांगून उपयोग नाही, "तू गप रे" म्हणते. तर एखाद्या वैमानिकाने किंवा विमान अभियंत्याने साध्या मराठीत समजावलेला व्हिडिओ माहितीय का कुणाला? आणि पहिल्यांदा बसणाऱ्या ज्येष्ठांना खिडकीची जागा द्यावी की आतली?