‘टेक’चा घोळ : परीक्षा द्यायची की घ्यायची?

मंडळी, मदत हवी आहे. मी सांगलीचा, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. इंग्रजी कामापुरतं. भाची बारावीला आहे, विश्रामबागेत आमच्याकडेच राहते. परवा वही घेऊन समोर उभी राहिली. ‘आय गेव्ह अ टेस्ट ऑन मंडे’, त्यातल्या ‘गेव्ह’वर सरांनी लाल काट मारून वर ‘टुक’ लिहिलेलं. म्हणाली, “मामा, चाचणी मी दिली, सरांनी घेतली. मग माझ्या वाक्यात ती मीच कशी घेतली?” चहाचा कप तोंडापर्यंत नेला होता, तो तसाच खाली ठेवला. उत्तर कुठंय?

मग खोडच लागली. गोळी घेतली, टुक. ठीक. पण फोटो काढला, तरी टुक. आज्जीला दवाखान्यात नेलं, टुक. मिरजेला जायला अर्धा तास लागला, तिथंही टुकच! घेणे, काढणे, नेणे, लागणे, सगळी कापडं एकाच खुंटीला.

माझीही एक फजिती सांगून टाकतो. बाहेरगावच्या पार्टीला ‘नमुने घेऊन येतो’ असं कळवायचं होतं. मी लिहिलं, ‘वुई विल टेक सॅम्पल्स अँड कम’. शेठचा धाकटा अजून चिडवतो. यात चूक नक्की काय, आणि भाचीला काय सांगू?

प्रतिसाद १
दादा, मी साताऱ्याची, तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तुमच्या भाचीचा प्रश्न दर वर्षी एक तरी पोरगं विचारतं. आपण उत्तरं देतो म्हणून परीक्षा ‘देतो’. जबानी देतो तशी. इंग्रजीत नजर प्रश्नपत्रिकेवर असते. मास्तर ती देतात, मुलगी घेते. म्हणून मुलगी ‘टेक्स’ आणि मास्तर ‘गिव्ह’. ब्रिटनमध्ये ‘सिट’ही म्हणतात. आपल्याकडे ‘गिव्ह’ इतकं रुळलंय की बोलताना कुणी अडवत नाही, पण पेपरात आणि परदेशी परीक्षेत ‘टेक’च लिहू दे.

मुलाखतीत मात्र सांभाळा. पुढारी वर्तमानपत्राला मुलाखत देतो तिथं इंग्रजीतही ‘गिव्ह’ चालतं. नोकरीसाठी गेलेला उमेदवार मात्र ‘गिव्ह’ करत नाही, त्याला मुलाखत ‘हॅव’ असते. आणि मुलाखत घेणाऱ्याला ‘टेक’ लावू नका. ‘इंटरव्ह्यू’ हेच क्रियापद आहे.

प्रतिसाद २
‘घेऊन ये’चं ‘टेक अँड कम’ आमच्या घरात तीन पिढ्या चाललंय. साधा हिशोब : ऐकणाऱ्याकडे किंवा बोलणाऱ्याकडे वस्तू येणार असेल तर ‘ब्रिंग’, तिथून दुसरीकडे जाणार असेल तर ‘टेक’. म्हणजे आण आणि ने. नमुने पार्टीकडेच जाणार होते, म्हणून ‘वुई विल ब्रिंग द सॅम्पल्स’. ‘येतो’ त्यातच आलं, वेगळा ‘कम’ नको.

प्रतिसाद ३
थोडं अवांतर. हा ‘टेक’ मुळात इंग्रजांचा नव्हेच. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतला ‘ताका’. इसवी सन ११०० च्या आसपास इंग्रजी लिखाणात दिसू लागला आणि हळूहळू घरच्या ‘निमन’ला त्यानं हाकलून लावलं. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘नेमेन’ अजून नांदतोय. इंग्रजीत निमनची खूण ‘नम्ब’मध्ये उरली, बधिर. म्हणजे मुळात ‘घेतलेला’, जाणीव काढून घेतलेला. पाहुणा आला आणि घरच झालं त्याचं.

धागाकर्ता
ताई, दादा, आभार. भाचीला प्रश्नपत्रिकेचं सांगितलं, लगेच पटलं. ‘नम्ब’ ऐकून म्हणाली, चाचणीच्या दिवशी माझं डोकं तसंच होतं.

पण आता नवीनच. ‘मनावर घेऊ नकोस’ला ‘डोन्ट टेक इट टू हार्ट’ चालतं, हे सरांनी मान्य केलं. आमची आज्जी मात्र रोज भाचीच्या थोरल्या भावाला म्हणते, “आता लग्नाचं मनावर घे.” पोरीनं त्यालाही ‘टेक टू हार्ट’ लावलं, आणि सरांनी त्यावर लाल गोल काढलाय.

प्रतिसाद १
गोल बरोबर आहे. सल्ला किंवा टोमणा ‘टू हार्ट’ घेता येतो. लग्नाचा निश्चय नाही. तिथं म्हणा, ‘मेक अप युअर माइंड’. आज्जींना मात्र हे सांगायला जाऊ नका.