ऑनलाइन मीटिंगला फॅसिलिटेटर हवाच कशाला?

आडदांड: काल कुणीतरी लिहिलं होतं, 'चांगला फॅसिलिटेटर असला की सगळ्यांना बोलायला मिळतं.' फॅसिलिटेटर म्हणजे चर्चा चालवून देणारा! हसू की रडू? परवा आम्ही २२ जण. पहिली १५ मिनिटं 'आजचा मूड इमोजीत सांगा'. मग ब्रेकआउट रूम, म्हणजे छोट्या गटांच्या वेगळ्या ऑनलाइन खोल्या. विषय काय हे चौघांपैकी एकालाही माहीत नाही. तो कळेतोवर उलटी मोजणी सुरू, आणि मला अर्ध्या वाक्यात उचलून परत आणलं!

दुपारची झोप: मी हेच काम करते, म्हणून झोंबलं. प्रश्न चॅटमध्ये टाकल्याशिवाय खोल्या पाडायच्या नसतात, हे कबूल. पण आमच्यासमोर नुसते काळे चौकोन असतात. कोण ऐकतंय, कोण भांडी घासतंय, देव जाणे.

जुनं खोड: मुद्दा वेगळाच आहे. एक बोलतो तेव्हा बाकीचे आपली कल्पना धरून बसतात, नाहीतर विसरतात. डील आणि श्ट्रोबं या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रयोग करून हे दाखवलं. ही अडचण टाळायला अ‍ॅरिझोना विद्यापीठात त्याच दशकात प्रत्येकापुढे संगणक ठेवून सगळ्यांना एकाच वेळी, निनावी टाइप करायला लावत.

शेवटचा बाक: निनावी म्हणे! आमच्या ऑनलाइन बोर्डवर मी निनावी चिठ्ठी टाकली, 'मुदत अशक्य आहे, असं वाटतं कि…' साहेब लगेच, "हा ऱ्हस्व 'कि' कोणाचा ते मला ठाऊक आहे." झालं निनावीपण!

जुनं खोड: मग 'की' दीर्घ लिहायला काय होतं?

शेवटचा बाक: भावना पोचल्या ना?

जुनं खोड: भावना पोचल्या म्हणून तर पकडला गेलात.

शेवटचा बाक: तुमच्यासारख्या वेलांटी-पोलिसांमुळेच लोक मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत. शाळेत पट्टी खाल्लेली पोरं आहोत आम्ही.

जुनं खोड: पट्टी वाया गेली म्हणायची.

दुपारची झोप: अहो, पुरे! निनावी असो नसो, शंभर चिठ्ठ्यांचे विषयवार ढीग लावायला माणूस लागतोच ना?

आडदांड: तिथेच तर मेख आहे बाई! माझी चिठ्ठी होती, 'हे काम मुळात करायचं का?' ती गेली 'इतर' नावाच्या ढिगात. मतदान झालं फक्त पहिल्या तीन ढिगांवर. वर म्हणे आम्ही तटस्थ!

दुपारची झोप: …'इतर' मीही करते. वेळ संपत आलेला असतो. ढिगाला नाव देण्याआधी विचारायला हवं, हे मान्य. पण तुम्ही तेव्हा म्यूट काढून बोललात का?

आडदांड: म्यूट होस्टच्या हातात होतं. असो. 'इतर'मधली चिठ्ठी उचलून मोठ्याने वाचणारी भेटली, तर मी मूडही सांगेन. एका इमोजीत.

शेवटचा बाक: खोड, 'इमोजी'तली पहिली इ ऱ्हस्व ना? नाही, विचारलेलं बरं.