सभा जिंकली, वाद जिंकला, की भाव खाऊन गेला?

लेस्टरकर:
भाषांतराचं एक काम हातात आहे आणि दोन दिवस एकाच वाक्यावर अडून बसलोय. मजकूर ब्रिटनच्या २०१० च्या निवडणुकीवर आहे. तिथे पहिल्यांदाच तीन मोठ्या पक्षांचे नेते टीव्हीवर समोरासमोर उभे राहिले, ती निवडणूक. मजूर पक्षाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन, हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरन आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग. (मजूर आणि हुजूर ही जोडी मराठीत ज्या कुणी लावली, त्याला माझा दंडवत.) वाक्य एवढंच आहे: 'पहिली डिबेट क्लेग यांनी जिंकली.'

'डिबेट' तसंच ठेवलं तर आधी लिंगावरून भांडण. आमच्या घरात 'ती डिबेट', ऑफिसात 'ते डिबेट'. 'तिघांत टीव्हीवर वाद झाला' असं लिहिलं तर हाणामारी व्हायची राहिली असं वाटतं. 'वादविवाद' म्हटलं की शाळेचा हॉल, टेबलावरची घंटा आणि 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' आठवतं. आणि 'चर्चा' जिंकायची कशी? सुचवा काहीतरी.

खडूफळा:
'वाद' या शब्दाला भांडणाचा वास नंतर लागला. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, बोलाचालीचे तीन प्रकार आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते शोधायला बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प, त्यात छल चालतो, शब्दांत पकडणं चालतं. स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची नुसती मोडून काढायची, ती वितंडा. आपण मराठीत वितंडा 'वितंडवाद' म्हणून सांभाळली, वादाचं भांडण केलं आणि जल्प हरवून बसलो. म्हणजे तुम्हाला नेमका जो शब्द हवाय तोच गेला. टीव्हीवर पक्षनेते करतात तो शुद्ध जल्प.

उपसंपादक:
सर, 'क्लेग यांनी जल्प जिंकला' असं छापलं तर सकाळी सातपासून फोन येतील की जल्प हा कुठला मतदारसंघ.
आमच्याकडे अशा वेळी तीन शब्द हाताशी असतात: खडाजंगी, शाब्दिक चकमक आणि कलगीतुरा. कलगीतुरा मथळ्यात छान बसतो.

खडूफळा:
बसतो, पण निम्मा अर्थ बाहेर ठेवून बसतो. कलगीवाले शक्तीला मोठं मानणारे, तुरेवाले शिवाला. एका फडानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथे रचून जबाब द्यायचा आणि पुढ्यात बसलेल्या गावानं ठरवायचं कोण भारी. दोन नेत्यांनी दोन वेगळ्या गावांत पत्रकार परिषदा घेऊन एकमेकांना नावं ठेवली की तुम्ही 'कलगीतुरा रंगला' छापता. त्यात ना सवाल, ना जबाब, ना गाव. लेस्टरकरांच्या प्रसंगात मात्र तिन्ही आहे. तिथे शोभेल.

लेस्टरकर:
शोभला असता, पण त्या रात्री रंगलं असं काही म्हणवत नाही. मी तेव्हा इथे ब्रिटनमध्येच होतो. १५ एप्रिल, मँचेस्टरचा स्टुडिओ. पक्षांनी आणि वाहिन्यांनी मिळून ७६ नियम ठरवले होते, आणि समोर बसलेल्या लोकांनी मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत हेही त्यातच. त्यामुळे कुणी चांगला टोला हाणला तरी पुढे नुसती शांतता. आपल्याकडे छापील भाषणात कंसात 'हशा आणि टाळ्या' येतं, ते मनातल्या मनात घालून घ्यावं लागत होतं.

आई तेव्हा तीन महिन्यांसाठी आली होती. इंग्रजी जेमतेम. शेंगा सोलत बसली होती आणि मधूनच वर बघत होती. पंधरा-वीस मिनिटांनी म्हणाली, "हे दोघं एकमेकांशी भांडतायत. तो कडेचा मात्र आपल्याशी बोलतोय." कडेचा म्हणजे क्लेग. तो कॅमेऱ्यात बघून बोलत होता, प्रश्न विचारणाऱ्याला नावानं हाक मारत होता. दुसऱ्या दिवशी सगळे पेपर हेच सांगत होते. ब्राउन आणि कॅमेरन एकमेकांवर तुटून पडले की तो म्हणायचा, हे जितके भांडतात तितके सारखेच वाटायला लागतात. मी आईला भाषांतर करून दिलं: "म्हणतोय, दोघं एकाच माळेचे मणी." संपल्यावर ती टरफलं गोळा करत म्हणाली, "हा भाव खाऊन गेला."

तेव्हापासून हा वाक्प्रचार माझ्या डोक्यात आहे, पण लिहायला धजत नाही. 'भाव खाणे' म्हणजे तोरा मिरवणं ना?

पाटीपुस्तक:
नाही, नाही! 'जाणे' लागलं की अर्थ पालटतो. 'ती फार भाव खाते' ही तक्रार. 'दोन मिनिटांच्या कामात ती भाव खाऊन गेली' ही शाबासकी. आणि शाबासकीच्या वापरात नेहमी एक गोष्ट असते: ज्याच्याकडून कुणी अपेक्षा केलेली नसते, तोच भाव खाऊन जातो. नायक भाव खाऊन गेला असं सहसा म्हणत नाहीत, नायकाचा मित्र भाव खाऊन जातो. तिसऱ्या पक्षाच्या नेत्याला याहून नेमका शब्द मिळणार नाही. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

उपसंपादक:
वाक्प्रचार पटला, पण बातमीत आकडा असेल तर 'भाव खाऊन गेला'ला कोण विचारतो? यूगव्ह या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं त्या रात्री कोण सरस वाटलं ते प्रेक्षकांना विचारलं, त्याचा आकडा आहे: क्लेग ५१, कॅमेरन २९, ब्राउन १९ टक्के. इथे सरळ 'बाजी मारली' लिहावं.

खडूफळा:
मारली, पण कशाची बाजी? 'जिंकणे' म्हटलं की काय जिंकलं ते आधी सांगायला हवं. वाद जिंकतो तो मुद्द्यावर, समोरचा निरुत्तर होतो तेव्हा. सभा जिंकतो तो समोरच्या वक्त्याला नव्हे, समोर बसलेल्यांना जिंकतो. निवडणूक जिंकणं आणखी तिसरं. क्लेगनी कुणाला निरुत्तर केलं असं लेस्टरकरांच्या वर्णनात दिसत नाही. त्यांनी सभा जिंकली.

पाटीपुस्तक:
टाळ्याच बंद असताना सभा कशी जिंकणार, सर?

लेस्टरकर:
सभा त्या स्टुडिओत नव्हतीच. सरासरी ९४ लाख लोक घरोघरी बघत होते. त्यातले आम्ही दोघं, शेंगांसकट. आणि मला मतही होतं. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे राहत असले की संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतात, भारतीय पासपोर्ट असला तरी. कुणाला द्यायचं ते ठरत नव्हतं. अशांना मराठी पेपरांत 'दोलायमान मतदार' म्हणतात, 'कुंपणावरचे'ही म्हणतात.

पाटीपुस्तक:
दोलायमान! झोपाळ्यावर बसून मत देणार का? तळ्यात-मळ्यात आहे की सरळ. लहानपणी सगळे खेळलेत. पुकारा होईल तशी उडी मारायची आणि चुकलं की बाद.

लेस्टरकर:
'तळ्यात-मळ्यात असलेले मतदार'. घेतला.
आता पुढचा अडथळा. त्या रात्रीचं सगळ्यात गाजलेलं वाक्य म्हणजे 'निकशी मी सहमत आहे'. ब्राउन पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्याची थट्टा सुरू झाली, पुढे ते बिल्ल्यांवर आणि टी-शर्टांवर आलं. 'सहमत' शब्दात ती थट्टाच येत नाही, ठराव पास झाल्यासारखं वाटतं.

उपसंपादक:
'निकची री ओढली.'

लेस्टरकर:
आईनं तेव्हा वेगळंच म्हटलं होतं. ब्राउन काय म्हणतायत ते सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे पंतप्रधान असून मम म्हणतोय?" पूजेत भटजी सगळं म्हणतात आणि यजमान नुसता 'मम' म्हणतो, तसं.

खडूफळा:
सुरेख आहे, पण ब्राउनवर थोडा अन्याय होतो. री ओढणारा आणि मम म्हणणारा, दोघांनाही स्वतःचं काही म्हणायचं नसतं. ब्राउनना होतं. कुणालाच बहुमत मिळणार नाही अशी चिन्हं होती, तेव्हा क्लेगना आपल्याकडे ओढून कॅमेरनना एकटं पाडायचं होतं. त्याला मराठीत 'चुचकारणे' म्हणतात. अर्थात लोकांना ते मम वाटलं आणि थट्टा लोक करतात, तेव्हा थट्टेच्या वाक्यात मम ठेवा.

लेस्टरकर:
थट्टा कॅमेरन यांचीही झाली. स्थलांतराच्या प्रश्नावर त्यांनी दाखला दिला: प्लिमथला ४० वर्षांचा एक कृष्णवर्णीय गृहस्थ भेटला, सहा वर्षांचा असताना या देशात आला, ३० वर्षं नौदलात होता. लोकांनी बसल्या बसल्या वजाबाकी केली. म्हणजे दहाव्या वर्षी नौदलात? पुढे कळलं की गृहस्थ खरे होते, वय ५१ होतं. पण तोवर 'परवा मला एक माणूस भेटला' या सुरुवातीचे विनोद गावभर झाले होते. याला 'थाप' म्हणू का?

पाटीपुस्तक:
थाप नाही म्हणता येणार, माणूस खरा आहे ना. 'दाखला अंगाशी आला' म्हणा.

ऑकलंडकर:
उशिरा येतोय, पण एक शब्द माझ्याही मनात बरीच वर्षं आहे. आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये अशा कार्यक्रमांत पडद्याच्या खाली एक रेघ वळवळत असायची. तळ्यात-मळ्यातवाल्या काही लोकांच्या हातात बटण द्यायचे, बोलणं आवडलं की रेघ वर, नाही आवडलं की खाली. इंग्रजीत तिला 'वर्म' म्हणतात, म्हणजे अळी. २००२ मध्ये पीटर डन नावाचे नेते 'साधी व्यवहारबुद्धी' असं म्हणाले की ही रेघ वर जायची. एका खासदाराचा त्यांचा पक्ष त्या निवडणुकीत ८ जागांवर गेला. मराठीत 'अळी' म्हटलं की अळूची भाजी निवडल्यासारखं वाटतं. 'किडा' तर नकोच, डोक्यातला किडा निराळा.

खडूफळा:
अहो, बदलता कशाला? 'वर्म' असंच लिहा. मराठीत वर्म म्हणजे दुखरी, झाकून ठेवलेली जागा. वर्मावर बोट ठेवणे, वर्मी घाव बसणे. ती रेघ खाली कोसळली की वक्त्याचं वर्म सापडलं. इतका फुकटचा श्लेष आयुष्यात एखादाच मिळतो.

ऑकलंडकर:
सर, लोटांगण. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात पंतप्रधान हॉवर्ड आणि विरोधी पक्षनेते रड यांच्या डिबेटच्या वेळी याच रेघेवरून एका वाहिनीचं थेट प्रक्षेपण मध्येच तोडलं होतं. वर्मी लागलं असणार.

उपसंपादक:
मग 'स्पिन'चंही उरकून टाका. डिबेट संपली रे संपली की पक्षाची माणसं बाजूच्या खोलीत पत्रकारांना गाठतात आणि 'आमचेच साहेब कसे भारी' हे पटवतात. काही जण 'फिरकी' लिहितात, पण फिरकी घेतात ती चेष्टेची.

खडूफळा:
चुकलं असेल आणि झाकायचं असेल तर 'सारवासारव'. चुकलं नसतानाही वरून रंग द्यायचा असेल तर 'मखलाशी'. हा दफ्तरातला जुना शब्द. कारभारी कागदावर शेरा मारायचा ती मखलाशी. आता कागद गेला आणि नुसता शेरा उरला.

पाटीपुस्तक:
आणि चाचणीला 'कौल' म्हणताना जपून. कोकणात देवाला कौल लावतात, मूर्तीला पाकळ्या लावायच्या, उजवी पडते की डावी ते बघायचं. लावणारा वेगळा, देणारा वेगळा. चाचणीवाले कौल लावतात, देतो मतदार, तोही मतदानाच्या दिवशी. 'चाचणीनं क्लेग यांना कौल दिला' हे चूक.

उपसंपादक:
आमच्याकडे रोज छापतो. उद्यापासून बघू.
एक मात्र गंमत आहे. डिबेट होण्याआधीचे शब्द आपल्याकडे भरपूर: जाहीर आव्हान, हिंमत असेल तर एका व्यासपीठावर या, वेळ आणि जागा तुम्ही सांगा. २०२४ च्या मे महिन्यात माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल यांनी होकार कळवला, पण चर्चा झाली नाही. नंतरचे शब्द लागतच नाहीत, म्हणून ते लेस्टरकरांना पूजेतून आणि तमाशातून उसने आणावे लागतायत.

लेस्टरकर:
उसने कसले, घरचेच आहेत. असो, वाक्य असं करतो: 'पहिल्या रात्री क्लेग भाव खाऊन गेले. चाचण्यांनी कौल लावला तेव्हा पाकळी त्यांच्याच बाजूला पडली. काहींत त्यांचा पक्ष ३० टक्क्यांच्या वर गेला. ६ मे रोजी मतदारांनी कौल दिला तेव्हा मतं २३ टक्के निघाली आणि आधीच्या ६२ जागांच्या ५७ झाल्या.' 'जिंकली' काढूनच टाकलं.

पाटीपुस्तक:
उत्तम. आणि आईंनी निकालावर काय शेरा मारला?

लेस्टरकर:
ती तोवर साताऱ्याला परतली होती. फोनवर विचारलं, "तो शेंगांच्या दिवशीचा निवडून आला का?" म्हटलं, आला, पण पक्षाच्या जागा घटल्या, आता कॅमेरन पंतप्रधान आणि हा त्यांचा उपपंतप्रधान. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आता मम ह्यानं म्हणायचं."