न विचारता तपासलं तर बिघडलं काय? बिघडलं ते सांगते

वैनगंगा: काल इथं एकानं लिहिलं, "बाळंतिणीची एचआयव्ही तपासणी विचारत काय बसायची? डॉक्टरलाही जीव आहे." वर धडाधड अंगठे. माझ्या मावसबहिणीला असंच न विचारता तपासलं, नागपुरातल्याच एका खासगी दवाखान्यात. पॉझिटिव्ह रिपोर्ट तिच्याआधी सासूच्या हातात. सव्वा महिना व्हायच्या आत बाळासकट माहेरी. नवऱ्याला मात्र कोणी तपासायला सांगितलं नाही! एचआयव्हीचा 2017 चा कायदा संमतीशिवाय तपासू नका, सांगू नका म्हणतो. आणि राहत्या घरातून काढणं? त्याला 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे.

डॉ_रातपाळी: कायदा शिकवू नका, ताई. पहाटे दोनला कळा देत आलेली बाई, आधीचा एक कागद नाही. मला पेशंटची सुई टोचली होती, लागण होऊ नये म्हणून 28 दिवस गोळ्या मी खाल्ल्या, तुम्ही नाही. आणि वेळेत कळलं तर बाळ वाचतं, हे सोयीस्कर विसरलात.

निवृत्त_सिस्टर: वाचतं, म्हणूनच विचारायचं. नीट सांगितलं तर बहुतेक बाया हो म्हणतात, मी तीस वर्षं पाहिलंय. आणि डॉक्टर, लागण ताजी असेल तर रिपोर्ट निगेटिव्हच येतो. मग हातमोजे काढून ठेवणार का? काळजी प्रत्येक पेशंटला सारखीच घ्यायची असते.

तर्री_पोहा: मोज्याचं सोडा, किटचं बोला! माह्या वहिनीच्या सिझेरियनले, तिले एचआयव्ही म्हणून, डॉक्टरच्या बचावाची 'स्पेशल किट' म्हणून सहा हजार वेगळे लावले. काहून? बिलावर मोठ्या अक्षरात. औषधाच्या दुकानापर्यंत बातमी गेली ना बाप्पा!

डॉ_रातपाळी: किट फुकट येते का? खर्च कोणी द्यायचा?

तर्री_पोहा: सिस्टर म्हणते काळजी सगळ्याईले सारखी. मग किट एकटीच्याच बिलात काहून?

डॉ_रातपाळी: सगळ्यांच्या बिलात टाकलं की तुम्हीच दवाखान्यापुढे बोंबलाल.

निवृत्त_सिस्टर: आमच्या वॉर्डात तर एचआयव्हीवाल्यांच्या केसपेपरवर लाल पेनानं गोल करायचे. झाडूवाल्यालाही अर्थ ठाऊक. मीही केलेत ते गोल. आता लाज वाटते.

वैनगंगा: विषय किटवर गेला, जाऊ द्या, तोही त्यातलाच. बहिणीच्या गोळ्या सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथून, सुरू आहेत, फुकट. बाळाची दीड वर्षाची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली. सासूला अजून सांगितलेलं नाही.

डॉ_रातपाळी: बाळाचं ऐकून बरं वाटलं. उद्यापासून विचारूनच करतो, बस? पावतीही देऊ का?

वैनगंगा: पावती नको. रिपोर्ट तेवढा तिच्याच हातात द्या.

तर्री_पोहा: अन् किटचे सहा हजार?