'एकच प्याला'वर कमी बजेटचा सिनेमा: हक्क, स्वगतं, आवाज आणि ग्लासातली पातळी

तलावपाळीकर

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'वरून साधारण ९५ मिनिटांचा सिनेमा करायचा आहे. काळ आजचा, दारूपायी संसार धुळीला मिळवणारा सुधाकर ठाण्याच्या कोर्टात वकिली करणारा. शूटिंग १४ दिवस, युनिट १८ जणांचं, कॅमेरा एक, सिंक साउंड (म्हणजे संवाद शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड). नट बहुतेक रंगभूमीवरचे. घरासाठी दोन जागा समोर आहेत: घोडबंदर रोडवरचा टू बीएचके किंवा बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधलं बैठं घर.

नाटक हक्कमुक्त आहे असं सगळेच सांगतात, पण पदांचं काय? स्वगतांचं काय करायचं? आणि या दोन घरांपैकी आवाजाच्या दृष्टीने कोणतं घ्यावं? बाळाच्या प्रसंगांसाठी परवानगी लागते का, तेही कुणी सांगितलं तर बरं.

विंगेतून

कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक रंगमंचावर यायच्या आधीच. संहिता केव्हाच मोकळी झाली. पदं मात्र त्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. गुर्जर गेले १९६२ मध्ये, म्हणजे त्यांची मुदत २०२२ संपताना संपली. आज दोन्ही वापरता येतात.

खरी गोम रंगावृत्तीत आहे. मूळ पाच अंक जसेच्या तसे आता कोण करतं? तालमींत फिरणारी झेरॉक्स ही कुणीतरी कापून बेतलेली दोन-अडीच तासांची प्रत असते. त्यात घातलेली नवी वाक्यं आणि केलेली जुळणी यांवर त्या माणसाचा हक्क राहतो. तुमच्या नटांना जे पाठ आहे ते बहुधा हेच. म्हणून ग्रंथालयातून जुनी छापील प्रत काढा, पटकथेत घेतलेलं प्रत्येक वाक्य तिच्याशी ताडा आणि समासात पान क्रमांक लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, दोन दिवस जातील. पण पुढे सिनेमा विकत घेणारा हक्कांचे कागद मागतो तेव्हा हाच तक्ता पुढे करता येतो.

पदाचे शब्द मोकळे असले तरी ध्वनिमुद्रिकेची मुदत वेगळी धावते: ती प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं. शेजारच्या रेडिओवर पद वाजताना हवं असेल तर नव्याने गाऊन घ्या. एक आवाज, ऑर्गन, तबला; एका शिफ्टचं काम. गायक आणि वादक दोघांकडूनही लेखी घ्या, फक्त गायकाकडून नको.

कोर्टनाका

पटकथेत सगळ्यात आधी सनदेचा प्रसंग तपासा. नाटकात सुधाकरचा मुनसफाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळ जाते आणि तिथून घसरण सुरू होते. आज न्यायाधीशाला परस्पर सनद काढून घेता येत नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली तो अधिकार राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीचा आहे. अवमानाची शिक्षा म्हणून कोर्टाने सनद निलंबित करू नये, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केलं. प्रसंग जुन्याच पद्धतीने लिहिलात तर प्रेक्षकांतला पहिला वकील तिथेच हसेल.

मात्र हा बदल तुमच्या पथ्यावर पडणारा आहे. तक्रार होते, समितीपुढे तारखा पडतात. निकाल लागेपर्यंत सनद शाबूत असते, पण पक्षकार गळायला लागतात. रंगमंचावर अपमान एका प्रवेशात दाखवावा लागतो. तुमच्याकडे इस्त्रीचा बँड लावून डब्यासकट घराबाहेर पडणारा आणि कोर्टनाक्याला न वळता मासुंदा तलावाच्या कठड्यावर दुपारपर्यंत बसून राहणारा माणूस आहे. तिथे संवाद लिहूच नका.

स्वगतांबद्दल. गडकऱ्यांची वाक्यं शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला बांधलेली आहेत: उपमेवर उपमा, मग टाळीची जागा. कॅमेरा दोन फुटांवर आला की तीच रचना खोटी वाटते, आणि दोष बिचाऱ्या नटाच्या माथी मारला जातो. तीन रंगांचे पेन घेऊन बसा. माहिती देणाऱ्या ओळी एका रंगात: या सरळ काढा, चित्रात दाखवा. सुधाकर स्वतःचीच समजूत घालतोय त्या ओळी दुसऱ्या रंगात: या ठेवा, पण कुणाला तरी उद्देशून: दारूतला सोबती तळीरामला, फोनवर, झोपलेल्या बाळाला. निव्वळ भाषेचं वैभव तिसऱ्या रंगात. त्यातल्या फक्त दोन जागा निवडा आणि त्या न कापता संपूर्ण घ्या. सगळीकडे चिमूटचिमूट ठेवलंत तर गडकरीही जातात आणि सिनेमाही. व्हॉइसओव्हरचा मोह टाळा.

'एका पानाला एक मिनिट' हा हिशेब या संवादांना धरू नका. मोठ्याने वाचून घड्याळ लावा. लांब भाषणाचं पान दीड मिनिटाच्या पुढे सहज जातं.

नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाचा, म्हणजे आर्यमदिरामंडळाचा, व्हॉट्सॲप ग्रुप करावासा वाटेल. करू नका. बेवड्यांनी एका टेबलाशी बसून रीतसर ठराव मांडणं हाच तर तिथला विनोद आहे. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेचा थाट द्या: इतिवृत्त, सूचक, अनुमोदक.

सुधाकरची बायको सिंधू घर का सोडत नाही, याचं उत्तर आज निव्वळ पातिव्रत्यावर सोडता येणार नाही. दोघांच्या नावावरचं गृहकर्ज हे घोडबंदरच्या फ्लॅटला शोभणारं कारण आहे. नाटकात ती दळण दळते, इथे पोळी-भाजीचे डबे चालतील. शेवटी ती फौजदाराला खोटं सांगते, तो प्रसंग रुग्णालयात न्यावा लागेल, कारण अशी जखमी बाई आली की डॉक्टर पोलिसांना कळवतात. जबाबाआधी ती बोलण्याच्या स्थितीत आहे असं डॉक्टर लिहून देतात. तो कागद हातात पडेपर्यंत हवालदार दाराशी थांबलेला असतो. ताण तिथे आहे.

बूमवाला_नेरुळ

आर्टिस्ट व्हिलेज डोळ्यांना सुंदर आहे. चार्ल्स कोरियांची आखणी, सामाईक अंगणाभोवती लहान घरं. पण अंगण सामाईक म्हणजे आवाजही सामाईक: शेजारचा मिक्सर, कुत्री, पाण्याचा पंप. आता विमानतळ सुरू झाल्यावर विमानांचाही विचार करायला हवा. घोडबंदरला रात्री अवजड गाड्या. ठरवण्याआधी दोन्ही घरांत सकाळी ७, दुपारी १ आणि रात्री ९ वाजता, खिडक्या बंद करून, दहा-दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि घरी हेडफोनवर ऐका. संवाद भरपूर असल्याने माझं मत फ्लॅटला, पण रस्त्याच्या उलट बाजूचा आणि वरच्या मजल्यावरचा. अंगणाचे एक-दोन प्रसंग बेलापूरला करता येतील.

रंगभूमीच्या नटांची अडचण अशी की तालमीत हळू बोलतात आणि 'ॲक्शन' म्हटलं की आवाज फेकतात. साधं बोलणं उणे १८ ते उणे १२ डीबीएफएसच्या दरम्यान ठेवा (शून्याला आवाज फाटतो) आणि त्याच माइकचा दुसरा ट्रॅक १० डीबी खाली चालू ठेवा. मोठा आवाजही न फाडता साठवणारा ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर असेल तरी निर्धास्त राहू नका: लेपलच्या, म्हणजे कपड्यात लपवायच्या माइकच्या, ट्रान्समीटरमध्ये आवाज आधीच फाटला तर रेकॉर्डरला तो सांधता येत नाही.

सिंधूचा लेपल पदराला लावू नका. खळ दिलेली सुती साडी कागदासारखी वाजते. ब्लाउजच्या गळ्याच्या आतून, कापडी मेडिकल टेपच्या दोन त्रिकोणांमध्ये माइक धरा आणि खाली वायरीचा एक सैल वेढा सोडा. मंगळसूत्राच्या दोन वाट्या एकमेकींवर आपटतात, तो टिकटिक आवाज नंतर निघत नाही. मागच्या बाजूने डिंकाच्या पुट्टीचा मुगाएवढा ठिपका लावून वाट्या चिकटवा. बांगड्यांच्या मध्ये केसांचं पातळ रबर.

फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवा, म्हणजे पॅकअपला तो चालू करायचं विसरत नाही. प्रत्येक मांडणीनंतर सगळे जागेवर असतानाच ६० सेकंद खोलीची शांतता घ्या. माणसं बाहेर गेली की खोलीचा आवाज बदलतो.

कॅमेऱ्याबद्दल एकच: आपली वीज ५० हर्ट्झची. २४ फ्रेमवर शूट करताना शटर १८० अंशांवर ठेवलंत तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी लहरतात. १७२.८ अंश ठेवा, म्हणजे बरोबर १/५० सेकंद.

परवानगीचा_कागद

बाळासाठी परवानगी लागते, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांची, शूटिंग ज्या जिल्ह्यात त्याच जिल्ह्याच्या. इथे नवी मुंबईत लोक फसतात. वाशी ते बेलापूर ठाणे जिल्हा. खारघर-पनवेलला गेलात की रायगड, म्हणजे अर्ज अलिबागला. मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत. तान्ह्या बाळाला फक्त जवळच्या शॉटपुरतं आणा, पाळण्याच्या लांबच्या शॉटला बाहुली चालते.

सोसायटीचं पत्र, पोलीस ठाण्याला कळवल्याची पोच आणि तलावपाळीच्या (मासुंदा तलावाच्या काठच्या) शॉटसाठी महापालिका व वाहतूक पोलीस, एवढं वेगळं धरा. राज्य सरकारच्या चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, अर्ज तिथून करा. नाटकाला लागणारं रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र इथे लागत नाही. सिनेमाला सेन्सॉर बोर्ड.

आणि तळीरामच्या हातात सिगारेट देऊ नका. तंबाखू दिसली की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याच्या फिती, शिवाय प्रसंगावर इशारा. दारूच्या प्रसंगांवर इशाऱ्याची ओळ येईलच, तेव्हा फ्रेमची खालची पट्टी मोकळी राहील अशी रचना करा.

तलावपाळीकर

सगळ्यांचे आभार. सनदेचं लक्षातच आलं नव्हतं, तो भाग पुन्हा लिहितो. एक राहिलं: ग्लासात काय भरायचं? पहिल्या पेल्याचा प्रसंग सहा मिनिटांचा आहे, चार कोनांतून.

विंगेतून

कोरा चहा. एक लिटर पाण्याला दोन चहाचे चमचे पावडर, तीन मिनिटं, मग सुती फडक्यातून दोनदा गाळा. साखर नको, काचेला आतून ओघळ राहतात. फ्रिजमध्येही ठेवू नका: गार झाला की चहा गढूळ होतो आणि मागून प्रकाश टाकला की लगेच कळतं. खोलीच्या तापमानालाच वापरा.

खरा बर्फ दोन टेकमध्ये वितळून लहान होतो आणि चहाचा रंग फिका करतो. अॅक्रिलिकचे खडे वितळत नाहीत, पण ते पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसतात. ग्लास खड्यांनी काठोकाठ भरला तरच खरे वाटतात. तुमच्या सुधाकरला बर्फ नकोच.

एकसारखे सहा ग्लास घ्या. औषधाच्या मापाने ६० मिली ओता आणि कॅमेऱ्याकडून न दिसणाऱ्या बाजूला पातळीशी टेपची केसाएवढी पट्टी लावा. कोणत्या शब्दावर ग्लास उचलला, कोणत्या शब्दावर घोट घेतला, कुठे खाली ठेवला, हे सहायकाने पटकथेच्या पानावर बाणाने लिहायचं, आणि प्रत्येक 'कट'नंतर ग्लासाचा फोटो काढायचा. घोट लहान ठेवायला सांगा. पूर्ण पेला रिकामा करत बारा टेक झाले तर पाऊण लिटर चहा पोटात जातो आणि तेराव्याला सुधाकर बाथरूममध्ये असतो. पेला रिकामा होण्याचा शॉट चारही कोनांत घेऊ नका. एकाच कोनातून, सगळ्यात शेवटी.