मदत हवी आहे: एल्कसाठी ब्रॉडहेड कुठला? (कंपाउंड, ५५ पाउंड)

मंडळी, आधी एक खुलासा. एल्कची (मोठं हरीण) शिकार इथे नाही, अमेरिकेत कोलोरॅडोत आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय बंद झालाय, त्यामुळे बोरिवलीच्या नॅशनल पार्कावरचे विनोद करून झाले असं समजते.

धाकटा भाऊ डेन्व्हरजवळ राहतो. सप्टेंबरच्या आर्चरी सीझनचं एल्कचं लायसन्स त्याला मिळालंय, हंटर एज्युकेशनचा कोर्सही झालाय. ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं धारदार पात्यांचं टोक, कुठला घ्यायचा हे मात्र तो मला विचारतोय, कारण घरात धनुष्य ओढणारी दुसरी मीच. मी मुलुंडला राहते आणि टार्गेट कंपाउंड (कप्प्यांचं धनुष्य) मारते, म्हणजे ५० मीटरवर ८० सेंमीचा फेस (लक्ष्याचा कागद). धारेचं टोक लावून बाण कधीच सोडलेला नाही. आमच्या मैदानावर कोणी तसा बाण काढला तर कोच आधी बाण काढून घेतील आणि मग फाटलेल्या फोमचे पैसे.

त्याचा सेटअप: ड्रॉ वेट (ओढायला लागणारी ताकद) ५५ पाउंड, ड्रॉ लेंग्थ (ओढीची लांबी) २७ इंच, ४०० स्पाइनचा (स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा) कार्बन बाण, १०० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं माप) फील्ड पॉइंटसकट, म्हणजे सरावाच्या साध्या टोकासकट, वजन ४१० ग्रेन. दुकानातल्या क्रोनोग्राफवर वेग २३५ फूट प्रति सेकंद आला. म्हणजे साधारण ५० फूट-पाउंड एनर्जी. एल्कसाठी सहसा ४२ ते ६५ सांगतात, तेव्हा बसतंय, पण ऐसपैस नाही. जनावर तीनशे किलोच्या घरातलं.

दुकानदार त्याला मेकॅनिकल, म्हणजे लागल्यावर पाती दोन इंच उघडणारा ब्रॉडहेड विकायला बघतोय. म्हणे फील्ड पॉइंटसारखाच उडतो, जखम मोठी होते, रक्ताचा माग सापडतो. उडण्याचं मला पटतं, पाती मिटलेली असतात तर वारा धरायला काही नाहीच. पण ती पाती उघडायला लागणारी ताकद बाणातूनच जाणार ना? शिवाय दोन इंचाचं पातं बरगडीतून ओढत न्यायचं. ७० पाउंडवाल्याने ही चैन करावी. माझं मन फिक्स्ड ब्लेडकडे (न मिटणारी पाती) आहे, तीन पाती, सव्वा इंचाच्या आतला कट.

अडतेय ते इथे: १०० ग्रेन ठेवावं की १२५? पुढे वजन वाढलं की स्पाइन मऊ वागणार, हे टार्गेटवरून कळतं. सिंगल बेव्हलचं (एकाच बाजूने घासलेली धार) कौतुक खूप वाचलं, त्यात तथ्य किती? आणि पाती पिसांच्या रेषेत बसवावी लागतात का? अमेरिकेतल्या मंडळींपैकी कोणी एल्क केला असेल तर कृपया लिहा.

— पिनव्हील

बाणकोट: ताई, मेकॅनिकलबद्दलचा तुमचा हिशोब बरोबर आहे. आणखी एक. तिरक्या कोनातून लागला तर एक पातं आधी उघडतं आणि बाण वळतो. ५५ पाउंडला फिक्स्डच. कोलोरॅडोच्या नियमात कट किमान ७/८ इंच आणि स्टीलच्या किमान दोन धारा लागतात, त्यात तुमचा सव्वा इंच आरामात बसतो.

१०० की १२५ यावर डोकं शिणवू नका. २५ ग्रेन वाढवले तर वेग थोडा घटेल, एनर्जी जवळपास तेवढीच राहील, संवेग जरासा वाढेल. त्यासाठी ४०० चा शाफ्ट बदलायची वेळ येणार असेल तर १०० वरच राहा. बाण किती खोल जातो याचा अभ्यास केलेल्या ॲशबींच्या ६५० ग्रेनच्या बाणाचाही कोणीतरी उल्लेख करेलच. तो आकडा जाड हाड फोडण्यासाठी आहे. या धनुष्यावर तेवढा बाण चढवला तर अंतराचा अंदाज पाच यार्डांनी चुकला की बाण पोटाखालून जाईल.

घाटावरचा: हौसेसाठी जीव घ्यायचा, त्यात पात्यांची चर्चा. असो.

पिनव्हील: @घाटावरचा, तुमचं म्हणणं मान्य नाही असं नाही. पण तो जाणारच आहे, आणि मांस घरीच खाल्लं जाणार आहे. बोथट पात्याने गेला तर त्या जनावराचे हाल जास्त.

देवराई: हाच मुद्दा. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. म्हणून धार आधी, डिझाइन नंतर. रबरबँड ताणून त्यावर पातं नुसतं टेकवा, तुटला नाही तर ते पातं सरावाला. पाकिटातून काढलेलं प्रत्येक पातं धारदार असतंच असं नाही. सिंगल बेव्हल आत जाताना फिरतं हे खरं, पण त्याचा बेव्हल आणि पिसांचा हेलिकल (पीळ) एकाच दिशेचे हवेत, आणि ते घासून धार लावायचा हात हवा. पहिल्या वर्षी बदलता येणारी पाती बरी.

पिसांच्या रेषेचं विसरा. बाण टोकावर उभा करून फिरवा. टोक थरथरलं तर इन्सर्ट (टोक ज्यात फिरवून बसवतात तो तुकडा) वाकडा बसलाय, तो बाण बाजूला.

नेम फऱ्याच्या मागे, फुप्फुसांवर. जनावर आडवं किंवा किंचित पलीकडे वळलेलं असेल तरच. समोरून अजिबात नाही. कुठलाही ब्रॉडहेड फऱ्याच्या जाड हाडावर अडकू शकतो.

बाणकोट: आणि फील्ड पॉइंट एकीकडे, ब्रॉडहेड दुसरीकडे पडले तर साइटला (नेम धरायचं उपकरण) हात लावायचा नाही. ब्रॉडहेड डावीकडे पडत असेल तर रेस्ट (बाण टेकतो तो आधार) उजवीकडे, तीही केसभर. पुन्हा मारायचं, पुन्हा बघायचं.

पिनव्हील: खूप आभार दोघांचे. १०० ग्रेन, तीन पाती, फिक्स्ड असं त्याला कळवलं. सरावाची पाती वेगळी ठेवायला सांगितलीत. इथे पावसाने मैदान बंद आहे, तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्याचं ट्यूनिंग करणं एवढंच माझं काम. एक शंका राहिली: रेस्ट हलवल्यावर पेपर टेअर (कागदातून बाण मारल्यावर पडणारी फाट) बिघडला तर कोणाचं ऐकायचं?

बाणकोट: ब्रॉडहेडचं. कागदाचा फोटो नको, तीस यार्डांवरच्या ग्रुपचा टाका.